एक मुलूख, दोन तिजोऱ्या

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सिंदखेड राजाच्या परिसरात, साखरखेर्डा नावाचे गाव आहे. तेथे ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला, आणि दिल्लीच्या बादशाहीपासून व्यवहारतः स्वतंत्र झालेल्या ज्या राज्याला पुढे हैदराबाद संस्थान हे नाव मिळाले त्याचा पाया याच रणभूमीवर घातला गेला. त्यानंतर एकशे अठ्ठावीस वर्षे उलटून गेल्यावर, २१ मे १८५३ च्या तहान्वये, त्याच राज्याने फौजेच्या खर्चापोटी जो मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला त्यात वऱ्हाड आणि त्यातले साखरखेर्डा होते, मेहकर होते, चिखली, मलकापूर आणि खामगावही होते. राज्य जेथे जन्माला आले तो प्रांतच त्याला हिशेबापायी हातचा सोडावा लागला. तेव्हापासून एका विलक्षण अवस्थेला आरंभ झाला: मुलूख एका सरकारच्या मालकीचा, अंमल दुसऱ्या सरकारचा, आणि या मुलखातून जमा झालेला पैसा कोणी, कशावर व किती खर्च करावा याचा वाद मात्र दोघांच्या दरम्यान जवळजवळ एक शतकभर चाललेला.

दोन देशांच्या मध्यवर्ती सरकारांनी वर्षानुवर्षे केलेल्या खर्चाची तुलना हा विषय आज अर्थसंकल्पाच्या दिवसांत वृत्तपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. अमुक देश संरक्षणावर इतके खर्च करतो, तमुक देश शिक्षणावर तितके, असे आकडे शेजारी शेजारी मांडले जातात आणि वाचक त्यातून एकाचे भाग्य व दुसऱ्याचे दुर्भाग्य वाचून मोकळा होतो. परंतु अशा तुलनेतील बहुतेक सर्व अडचणी वऱ्हाडच्या जमाखर्चात इतक्या ठसठशीतपणे उमटल्या आहेत की, हा विषय समजून घेऊ इच्छिणाऱ्या सामान्य वाचकाला त्यासाठी दूरदेशी जाण्याची गरज पडू नये, असे मला मनापासून वाटते.

तहाचे मूळ पाहू. इ. स. १८०० च्या तहानुसार निजामाने युद्धप्रसंगी सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावयाचे होते. शांततेच्या काळात अशी फौज कायम बाळगण्याचे बंधन त्यात नव्हते. तथापि रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात उभ्या राहिलेल्या पथकांतून ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौज निर्माण झाली, तिचा पगार निजामाच्या खजिन्यातून जाऊ लागला, खजिन्यात पैसा नसेल तेव्हा कंपनीच तो आगाऊ देऊन निजामाच्या नावे कर्ज मांडू लागली, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकीर्दीत या कर्जाचा तगादा इतका वाढला की निजाम नासिरुद्दौलाला सुमारे पन्नास लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब, लावून द्यावा लागला. १८५३ च्या तहातील एक कलम मात्र निजामाच्या बाजूचे होते: कंपनीने दरवर्षी खरा आणि चोख हिशेब द्यावा, आणि फौजेचा, व्याजाचा व मुलकी कारभाराचा खर्च भागून जी शिल्लक उरेल ती निजामाच्या खजिन्यात भरावी.

१८६० हे साल या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षाच्या ७ एप्रिलला जेम्स विल्सन याने कलकत्त्यास हिंदुस्थानचा पहिला अर्थसंकल्प मांडला. सरकारने आपला जमाखर्च आगाऊ अंदाजून मांडण्याची आधुनिक प्रथा आपल्या देशात तेव्हा सुरू झाली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, २६ तारखेस, निजामाशी जो नवा तह झाला त्यात धाराशिव व रायचूर परत मिळाले, शोरापूरचा मुलूख मिळाला, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. परंतु या सर्वांच्या बदल्यात वऱ्हाडच्या मागील, चालू वा पुढील जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला. शिल्लक उरल्यास ती देण्याचे वचन कायम राहिले, पण मुलकी कारभारावर किती खर्च करावयाचा हे सर्वस्वी इंग्रज सरकारच्या मर्जीवर सोपवण्यात आले. एका हाताने हिशेबाची शिस्त घालणारे सरकार दुसऱ्या हाताने हिशेबाची कवाडे बंद करीत होते.

या कलमाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण खर्चाच्या तुलनेचे मर्म त्यातच आहे. शिल्लक म्हणजे जमेतून खर्च वजा जाता उरलेली रक्कम. आणि खर्च ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, शिल्लक ठरवण्याचा अधिकारही त्याच्याच हाती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. कापसामागोमाग आगगाडी आली, खामगावचा कापसाचा बाजार हिंदुस्थानातील मोठ्या बाजारांत गणला जाऊ लागला, आणि १८७० साली जलंब ते खामगाव हा लहानसा लोहमार्ग लॉर्ड मेयो याच्या उपस्थितीत खुला झाला. मुलखाचे उत्पन्न वाढले ही गोष्ट निर्विवाद होती. मग शिल्लकही त्याच मानाने का वाढू नये, असा प्रश्न हैदराबादच्या दिवाणखान्यात विचारला जाणे स्वाभाविक होते, आणि संस्थानचे दिवाण सर सालारजंग यांनी तो हयातभर विचारला. कंटिंजंटच्या पगाराची तजवीज व्याजातून होईल एवढे भांडवल आम्ही ठेव म्हणून देतो, आमचा मुलूख आम्हाला परत करा, असा प्रस्ताव त्यांनी व त्यांचे सहकारी शम्सुलउमरा यांनी अल्पवयी निजामाच्या वतीने मांडला. १८७६ साली सालारजंग विलायतेसही जाऊन आले. वऱ्हाड परत मिळाले नाही. १८८३ साली ते वारले तेव्हा हा प्रश्न होता तेथेच होता.

इंग्रजांची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. रस्ते, कचेऱ्या, शाळा, दवाखाने, मोजणी आणि रयतवारी जमाबंदी यांवर वऱ्हाडात खर्च झाला हे खरे, आणि त्याचा लाभ रयतेला पोचला हेही खरे. परंतु त्याच जमाखर्चात कंटिंजंटचा खर्च होता, आणि या फौजेच्या छावण्या केवळ वऱ्हाडात नव्हत्या. एलिचपूर सोडले तर हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद आणि थेट बोलारम ही ठाणी निजामाच्या खास अमलातील. म्हणजे मेहकर तालुक्यातील कुणब्याने भरलेल्या साऱ्याच्या हप्त्यातून हैदराबादेशेजारच्या बोलारमच्या स्वाराचा पगार निघत होता. हा खर्च कोणाचा म्हणावा? वऱ्हाडच्या नावे पडतो म्हणून वऱ्हाडचा, की फौज निजामाच्या नावाने ओळखली जाते म्हणून हैदराबादचा, की तिच्यावर हुकूम इंग्रजांचा चालतो म्हणून इंग्रजांचा? तिघांपैकी ज्याच्या खात्यावर तो टाकाल त्यानुसार तिन्ही राज्यांचा दरडोई खर्च वेगवेगळा निघेल, आणि तिन्ही आकडे बेरीज-वजाबाकीच्या दृष्टीने बिनचूक असतील.

आता सीमेवर येऊ. १८६० च्या तहानंतर देऊळगाव राजाच्या दक्षिणेस दोन सरकारांची सरहद्द ठरली, ती १९४८ पर्यंत टिकली. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे जाफ्राबाद आणि जालना. जमीन तीच, ज्वारी-कापूस तोच, भाषा तीच, सोयरीक दोन्हीकडची. पण अलीकडे चाले कलदार रुपया आणि पलीकडे हाली सिक्का. शंभर कलदारांना सुमारे एकशे सोळा-सतरा हाली पडत. पलीकडचे वर्ष फसली, अलीकडचे इंग्रजी. आणि इंग्रज सरकारनेही आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून धरण्यास १८६७ साली आरंभ केला, त्यापूर्वी ते मे महिन्यापासून धरले जाई. तेव्हा देऊळगाव राजाच्या तालुक्यावर इंग्रज सरकारने केलेला खर्च आणि जालन्याच्या तालुक्यावर निजाम सरकारने केलेला खर्च यांची तुलना करू पाहणाऱ्याला प्रथम नाणे एक करावे लागे, मग वर्ष एक करावे लागे, आणि एवढे करूनही मोठी अडचण शिल्लकच राहत असे.

ती अडचण अशी की, पलीकडच्या खजिन्यात संस्थानचा सगळा महसूल येतच नसे. हैदराबाद संस्थानातील सुमारे चाळीस टक्के मुलूख दिवाणीबाहेर, म्हणजे संस्थान सरकारच्या थेट महसुलाबाहेर, होता. त्यातला काही खुद्द निजामाच्या खाजगीकडचा, म्हणजे सर्फ-ए-खासचा, आणि उरलेला पायगा व जहागीरदारांकडचा. जहागिरीतील रयत सारा भरी, जहागीरदार त्यातून आपली शिबंदी, आपला कारकून आणि आपली हवेली चालवी, पण संस्थानच्या जमाखर्चात हे फारसे कोठे दिसत नसे. अशा स्थितीत संस्थानच्या एकूण खर्चाला एकूण लोकसंख्येने भागून दरडोई आकडा काढणे, आणि तो वऱ्हाडच्या आकड्यापेक्षा कमी भरला म्हणून तेवढाच निवाडा देणे, म्हणजे अर्धी वही पाहून सगळ्या दुकानाचा निर्णय करणे होय. वास्तविक जहागिरीतल्या रयतेची दशा पुष्कळदा याहूनही वाईट असे, आणि खजिन्याचे आकडे तिच्याविषयी मौन पाळतात.

हीच गोष्ट आजच्या दोन देशांना लागू पडते. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि रुग्णालयांचा भार मुख्यतः मध्यवर्ती तिजोरीवर पडला; आपल्याकडे राज्यघटनेनेच रुग्णालये, पोलीस, शेती व पाटबंधारे हे विषय राज्यांकडे दिले आहेत. त्यामुळे लंडनच्या व दिल्लीच्या मध्यवर्ती खर्चाची टक्केवारी शेजारी ठेवून आपले सरकार रुग्णांची हेळसांड करते असा निष्कर्ष काढणाऱ्याने मुंबईच्या, भोपाळच्या, चेन्नईच्या तिजोऱ्या हिशेबात घेतलेल्याच नसतात. हेळसांड होत असेलही, आणि खेड्यापाड्यात ती होते हे मी नाकारणार नाही, पण ती सिद्ध करावयाची तर केंद्र, राज्य आणि जिल्हा परिषद या तिन्हींचा खर्च एकत्र करूनच केली पाहिजे.

काळाची तुलना याहून अवघड. स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प षण्मुखम् चेट्टी यांनी २६ नोव्हेंबर १९४७ रोजी मांडला. साडेसात महिन्यांपुरत्या त्या अंदाजपत्रकात खर्च १९७ कोटी ३९ लाखांचा होता, आणि त्यापैकी ९२ कोटी ७४ लाख एकट्या संरक्षणाचे होते. २०२४-२५ सालच्या अर्थसंकल्पी अंदाजात केंद्राचा खर्च ४८ लाख २० हजार कोटींच्या घरात गेला. दोन आकड्यांचा भागाकार करून कोणी ‘खर्च हजारो पटींनी वाढला’ असे म्हणू लागला तर तो खोटे बोलत नाही, पण काही सांगतही नाही. कारण दरम्यान रुपयाची किंमत घसरली, लोकसंख्या चौपट झाली, आणि राष्ट्राचे उत्पन्नही वाढले. मात्र शंभर रुपयांतले किती कोठे गेले हे विचारले की चित्र स्पष्ट होऊ लागते: १९४७ मध्ये शंभरातले सत्तेचाळीस रुपये संरक्षणाकडे जात होते, २०२४-२५ मध्ये सुमारे तेरा, आणि व्याजापोटी मात्र जवळजवळ चोवीस. त्यातही संरक्षणाच्या तेरांत निवृत्त सैनिकांचे वेतन धरलेले आहे. ते वगळले तर आकडा दहावर येतो. एका देशाने निवृत्तिवेतन संरक्षणात धरावे आणि दुसऱ्याने दुसऱ्या खात्यात मांडावे, एवढ्या एका फरकाने दोन देशांच्या लष्करी खर्चाच्या तुलनेचा सगळा रंग पालटतो. बोलारमच्या स्वाराचा पगार कोणाच्या खात्यावर टाकावयाचा हाच तो जुना प्रश्न.

वऱ्हाडच्या हिशेबातही काळाने आपले काम केले. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरम्यान ठरले की, वऱ्हाड इंग्रज सरकारकडे कायमच्या इजाऱ्याने राहावे आणि निजामाला दरसाल नेमके पंचवीस लाख रुपये मिळावे. कमीजास्त शिल्लकीची कटकट मिटली, हैदराबादच्या दिवाणाला दरवर्षी एक ठरलेली रक्कम जमेस धरता येऊ लागली. कर्झनला हा सौदा उभयपक्षी हिताचा वाटला. परंतु ठरीव रक्कम ही काळाच्या हाती दिलेली रक्कम असते. पहिल्या महायुद्धात धान्याचे, कापडाचे, मजुरीचे भाव चढले, पंचवीस लाख मात्र पंचवीस लाखच राहिले. १९०२ साली त्यांत जेवढी खंडी ज्वारी विकत मिळाली असती तेवढी वीस वर्षांनी खचितच मिळत नव्हती. पुढचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९२३ साली वऱ्हाडवर पुन्हा हक्क सांगितला, व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्राने तो कठोर शब्दांत फेटाळला, आणि १९३६ च्या करारात निजामाच्या सार्वभौमत्वाचा मान राखून त्यांच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब देण्यात आला. किताबाला खर्च लागत नाही. इजाऱ्याची रक्कम वाढली नाही.

दरम्यान १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले होते आणि तुलनेचा वाद हैदराबादकडून नागपूरकडे सरकला होता. कापसाच्या वऱ्हाडातून सारा जास्त येतो आणि खर्च मात्र नर्मदेकाठच्या व छत्तीसगडच्या जिल्ह्यांवर होतो, अशी वऱ्हाडी पुढाऱ्यांची तक्रार कायदेमंडळात वारंवार उठे. प्रांतिक खर्चाची दोन भागांत वाटणी करण्यासाठी सिम यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्रही त्यातूनच आले. ही तक्रार इतकी प्रबळ ठरली की १९३५ च्या कायद्याच्या बावन्नाव्या कलमात, प्रांताच्या महसुलाचा वाजवी हिस्सा वऱ्हाडात किंवा वऱ्हाडच्या हितासाठी खर्च होईल हे पाहण्याची खास जबाबदारी गव्हर्नरवर टाकण्यात आली. एखाद्या प्रदेशासाठी सरकारी खर्चाचा न्याय कायद्यात लिहिला जावा ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण ‘वाजवी’ म्हणजे किती, उत्पन्नाच्या प्रमाणात, लोकसंख्येच्या प्रमाणात की गरजेच्या प्रमाणात, हे कायदा सांगत नव्हता. आणि तिन्ही मापांनी वऱ्हाडच्या वाट्याला येणारी रक्कम तीन निरनिराळी येई.

स्वातंत्र्यानंतरही मापाचा हा प्रश्न सुटला नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विकासाच्या खर्चासाठी लोकसंख्येचे माप धरले गेले. १९५६ मध्ये घटनेच्या ३७१ व्या कलमात विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांना विकासनिधीचे समन्यायी वाटप व्हावे अशी तरतूद आली. गंमत नव्हे, इतिहासाचा न्यायच म्हणावा लागेल की, ज्या सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे कलदार आणि हाली चालले त्या दोन्ही बाजू, बुलढाणा आणि जालना, आता एकाच सरकारपुढे आपापला हिस्सा मागण्यासाठी उभ्या होत्या.

या प्रदीर्घ वादात मला सर्वांत मोलाचे वाटते ते प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचे काम. १९८३ साली नेमलेल्या आणि १९८४ साली अहवाल देणाऱ्या या समितीने कोणावर किती पैसे खर्च झाले हे मोजत बसण्यापेक्षा त्या पैशांतून उभे काय राहिले ते मोजले: किती जमीन ओलिताखाली आली, किती किलोमीटर रस्ते झाले, किती गावांत वीज पोचली, किती शाळा व दवाखाने उभे राहिले. राज्याची सरासरी हे माप धरून जो जिल्हा मागे असेल त्याची तूट काढली आणि ती तूट भरण्यास किती पैसा लागेल ते मग रुपयांत मांडले. एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटी ७८ लाखांचा. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६, आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२. या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, अहवाल सरकारने रीतसर स्वीकारलाही नाही. तरी सालारजंगांपासून चालत आलेल्या वादाला आकड्यांच्या रणातून बाहेर काढून जमिनीवर आणण्याचे श्रेय या समितीला दिलेच पाहिजे.

कारण निव्वळ खर्चाचा आकडा उलट्या बाजूनेही फसवतो. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाचे काम गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून चालू आहे. भूसंपादन, पुनर्वसन आणि विलंब यांमुळे त्याची किंमत मूळ अंदाजाच्या कित्येक पटींनी वाढली. या प्रकल्पावर ओतलेला पैसा बुलढाण्याच्या नावे जमा धरला तर जिल्ह्यावर मोठी मेहेरनजर झाली असे दिसेल. पण ज्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कालव्याचे पाणी पोचलेले नाही त्याच्या दृष्टीने या वाढलेल्या आकड्याचा अर्थ केवळ एवढाच की, त्याला मिळावयाची वस्तू महाग होत गेली आणि लांबत गेली. जे धरणाचे तेच रेल्वेचे: उत्तरेकडून ब्रिटिश अमलातला रुंद मार्ग १८७० साली खामगावला येऊन थांबला, दक्षिणेकडून निजामाचा मीटरमार्ग १९०० च्या सुमारास जालन्याला आला, आणि मधले दीडशेहून अधिक किलोमीटरचे अंतर दोन्ही तिजोऱ्यांनी एकमेकींवर सोडले. चिखली आणि देऊळगाव राजाचे लोक त्या अंतरातून रूळ जावेत अशी मागणी आजही करीत आहेत.

३७१ व्या कलमाखाली १९९४ साली स्थापन झालेली वैधानिक विकास मंडळे हिशेब मागण्याची एक सरकारी जागा होती. विदर्भाच्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. बुलढाण्याच्या वाचकाने आपल्या आमदारापुढे आज मांडावा असा प्रश्न एकच आहे, आणि तो १८५३ च्या तहातील त्या एका कलमाइतकाच साधा आहे: जिल्हावार जमा, जिल्हावार खर्च आणि त्यातून प्रत्यक्ष झालेले काम, या तिन्हींचा ताळेबंद दरवर्षी एकाच पुस्तकात छापून तहसील कचेरीत का ठेवला जात नाही?